खाण गेली, गाव राहिलं, मध्ये नुसतं गवत: फोटो कशाचे काढू? (डरहॅमचा किनारा)

पायपीट

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त सध्या इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅममध्ये मुक्काम आहे. शहर देखणं आहे. नदीच्या वळणावरच्या कॅथीड्रलचे फोटो येणारा प्रत्येकजण काढतो, मीही काढले आणि तो विषय संपवला. मला खरी ओढ लागली आहे ती पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या गावांची. सीहॅम, डॉडन, मर्टन, ईझिंग्टन, होर्डन, ब्लॅकहॉल. सगळी कोळशाची गावं. खाण खणली म्हणून गाव वसलं, पुढे खाण बंद झाली आणि गाव मागे राहिलं.

सुट्टी मिळाली की बसने सीहॅम गाठतो, तिथून कधी किनारी लाइनची गाडी, कधी पायी. होर्डनचं स्टेशन २०२० मध्ये पुन्हा सुरू झालं. तिथली खाण १९८७ लाच गेली होती. कामावर येणारे उरले नाहीत आणि मग गाडी आली. असो.

अडचण अशी की जे चित्र डोक्यात घेऊन गेलो होतो ते तिथे नाहीच. गंजलेली चाकं, फुटक्या काचांच्या शेड, काळे ढिगारे असं काहीतरी मिळेल असं वाटलं होतं. ईझिंग्टनला खाणीच्या जागेवर पोचलो तर हिरवागार उतार, रानफुलं, कुत्री फिरवायला आलेले लोक, खाली समुद्र. वर टेकाडावर खाणीत उतरायचा एक पिंजरा स्मारक म्हणून ठेवलाय, तेवढीच काय ती खूण. घरी येऊन फोटो उघडले तर पर्यटन खात्याने छापावेत असे गोड गोड.

गावात शिरलं की उलट होतं. लाल विटांच्या घरांच्या लांबलचक ओळी, एकाला एक चिकटलेल्या, आपल्या बैठ्या चाळीसारख्या. त्यातल्या काही घरांच्या दारा-खिडक्यांवर पत्रे ठोकलेले. तिथे कॅमेरा उचलला की जे फोटो येतात ते 'बघा, कशी रया गेली' एवढंच सांगतात. ते सांगणारा मी कोण?

माणसांचे फोटो तर जवळजवळ नाहीतच. कायद्याने इथे सार्वजनिक जागी फोटो काढायला कुणाची परवानगी लागत नाही हे माहीत आहे. पण कायद्याने चालतं म्हणून एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरायचा, हे माझ्याच्याने होत नाही.

तर अशा ठिकाणी फोटो नेमका कशाचा काढायचा? माणसांपर्यंत पोचायचं कसं? आणि जमीन आणि माणसं ही दोन वेगळी कामं समजू की एकच? कॅमेरा साधा डिजिटल आहे, ३५ आणि ५० च्या लेन्स. कॅमेरा बदला असं कृपया सुचवू नये, ते मला बायकोसुद्धा सुचवत नाही.

मिश्किलराव

सोपं आहे. ढगाळ दिवस बघा, कृष्णधवल करा, कॉन्ट्रास्ट वाढवा. निम्मं दुःख आपोआप येतं. :)

किनाऱ्यावरची

मिश्किलराव, नेमकं तेच करू नका हे सांगायला लॉगिन केलं. :)

पायपीट, मी या किनाऱ्यावर नोकरीची सगळी वर्षं काढली. फिजिओथेरपिस्ट होते, श्वसनाचे आजार असलेल्यांचे व्यायामवर्ग घ्यायचे. निवृत्त खाणकामगार पहिल्यांदा भेटले ते तिथे, आणि बरेच जण मला नावाआधी खोकल्यावरून ओळखू यायचे. कॅमेरा तेव्हाही होता. रुग्णाचा फोटो मात्र एकही काढला नाही. कामामुळे झालेली ओळख कामापुरतीच. माझे फोटो नंतरचे, चर्चच्या हॉलमधले, भाजीच्या वाफ्यांवरचे, खाणकामगारांच्या वेल्फेअर क्लबातले. तू वयाने लहान असशील असं धरून अरेतुरे करते, राग मानू नकोस.

तुला तिथे काही दिसत नाही, ते बरोबर आहे. पण ते आपोआप नाहीसं झालेलं नाही, नाहीसं केलेलं आहे. डरहॅमच्या कोळसापट्ट्यात १९१३ च्या सुमारास दीड लाखाहून जास्त माणसं खाणीत काम करत होती. किनाऱ्यावरच्या खाणी शेवटपर्यंत टिकल्या, कारण त्यांचा कोळसा समुद्राखाली होता. बोगदे समुद्राच्या तळाखालून मैलोनमैल गेलेले. ईझिंग्टन १९९३ मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुंदरलंडची मंकवेअरमथ. डरहॅमच्या पट्ट्यातली ती शेवटची. मग पाडापाडी इतक्या झपाट्याने झाली की लोकांना नीट बघून घ्यायलाही वेळ मिळाला नाही. मंकवेअरमथच्या जागी चार वर्षांत फुटबॉलचं स्टेडियम उभं राहिलं, दाराशी खाणकामगाराच्या दिव्याची भली मोठी प्रतिकृती. मर्टनचा दगडमातीचा ढिगारा होता तिथे आज डाल्टन पार्क नावाचा मॉल आहे. तिथे बूट स्वस्त मिळतात. हे टोमणा म्हणून लिहीत नाही, माझेही बूट तिथलेच आहेत.

समुद्रकिनारा तर बघवत नसे. खाणीतला नको असलेला दगड आणि चुरा कितीतरी दशकं थेट समुद्रात ओतला जात होता, वाळू काळी होती. १९९७ ते २००२ मध्ये मोठी मोहीम काढून तो किनारा साफ केला, २००१ मध्ये त्याला 'हेरिटेज कोस्ट' असा दर्जाही मिळाला. ढिगाऱ्यांचं म्हणशील तर त्याला आणखी एक कारण आहे. १९६६ मध्ये वेल्समध्ये ॲबरफॅनला ढिगारा शाळेवर घसरला आणि १४४ जण गेले, त्यातली ११६ मुलं. त्यानंतर या देशात कोळशाचा ढिगारा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं संकट, अशीच नजर झाली. ते सपाट करायचे, गवत पेरायचं. कोण कशाला विरोध करेल?

म्हणजे तुझ्या फोटोतलं ते गोड गवत पेरलेलं आहे, सरकारी पैशाने, तारीख ठरवून. त्याचाच फोटो काढ की. पण ते पेरलेलं आहे हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि ते लेन्सने कळत नाही. त्यासाठी माणूस लागतो. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. ही दोन कामं नाहीत. इथली जमीन वाचता येणारी माणसं अजून हयात आहेत, फार दिवस राहणार नाहीत. त्यांच्याशिवाय काढलेला निसर्गफोटो मुका राहील.

एक उदाहरण देते. खाणीत फिटर म्हणून काम केलेल्या एका गृहस्थांबरोबर मी ईझिंग्टनच्या त्याच उतारावर फिरले होते. मी सरळ चालत होते, ते मध्येच डावीकडे वळले, थोडं जाऊन परत उजवीकडे. विचारलं तर म्हणाले, इथे अंघोळीच्या इमारतीची भिंत आहे ना. 'होती' नाही म्हणाले. भिंत पाडून जमाना झालेला, गुडघाभर गवत, आणि हा माणूस तिला वळसा घालून चालतोय. दिव्यांची खोली इथे, पिंजऱ्याची रांग तिथे, मॅनेजरचं ऑफिस त्या झुडपापाशी. मी लांब थांबले आणि त्यांना पुन्हा तसंच चालायला सांगितलं. फोटोत एक म्हातारा गवतात विनाकारण वळतोय. खाली एक ओळ लिहिली आहे. त्या ओळीशिवाय तो फोटो काहीच नाही, आणि मला त्याची लाज वाटत नाही. फोटोला ओळ लागली म्हणजे फोटो कमी पडला असं मानणारे लोक आहेत. त्यांनी कॅथीड्रलचे फोटो काढावेत.

निघण्याआधी घरी एक काम कर. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हे (सरकारी मोजणी खातं) नकाशे फुकट बघता येतात. जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून हळूहळू पुसट करायची सोय आहे. ब्लॅकहॉल किंवा होर्डन उघडून बस. रेल्वेचे फाटे, शाफ्ट (खाणीत उतरायच्या उभ्या विहिरी), विटांची भट्टी, आणि आज तिथे काय आहे, सगळं दिसेल. त्याच्या छापील प्रती काढून घे, मोठ्या. क्लबातल्या टेबलावर कॅमेरा ठेवलास तर लोक गप्प होतात. नकाशा पसरलास की चार जण खुर्च्या ओढून येतात आणि नकाशा चुकलाय म्हणून भांडतात. तिथून पुढे तुला फार काही करावं लागत नाही.

आता माणसं. इथे ज्यांनी खरं काम केलं ते सगळे ठाण मांडून बसलेले लोक. ख्रिस किलिप १९७६ पासून लाइनमथच्या किनाऱ्यावर फोटो काढायचा प्रयत्न करत होता. लाइनमथ म्हणजे वर नॉर्थम्बरलंडमध्ये, समुद्राने परत फेकलेला कोळसा लोक घोडागाड्यांत भरून विकायचे ते ठिकाण. त्यांनी त्याला पुन्हापुन्हा हुसकावलं. १९८२ मध्ये एकदाचं जवळ केलं, मग हा गडी तिथे कॅरव्हॅन घेऊन राहिला. कॅमेरा मोठा, चार बाय पाच इंचांची फिल्म. चोरून काढायचा प्रश्नच नव्हता. सिर्का-लिसा कॉन्टिनेन १९६९ मध्ये न्यूकॅसलच्या बायकर वस्तीत राहायला गेली. वस्ती पाडायची ठरलेली, तिचं स्वतःचं भाड्याचं घरही त्यात गेलं, तरी ती काम करत राहिली. आणि तुझ्या ईझिंग्टनचंच उदाहरण: १९८४ मध्ये खाणी बंद करण्याविरुद्ध खाणकामगारांनी केलेल्या संपात कीथ पॅटिसनला तिथे एका महिन्यासाठी पाठवलं होतं. तो मार्च १९८५ मध्ये संप संपेपर्यंत राहिला. म्हणून त्याच्या फोटोंत पोलिसांच्या रांगा कामगारांच्या बाजूने दिसतात, घराच्या खिडकीतून, अंगणातून.

तू नोकरी सोडून कॅरव्हॅनमध्ये राहा असं म्हणत नाही. पण सहा गावं सोड. एक धर. एकातलीही एक गल्ली धर.

संपाबद्दल एक सूचना, गांभीर्याने घे. १९८४ चं आपणहून विचारू नकोस. कोण संपावर टिकला आणि कोण आधी कामावर गेला, यावरून सख्खे भाऊ अजून बोलत नाहीत अशी घरं मला माहीत आहेत. त्यांना सांगायचं असेल तेव्हा ते सांगतात. तेव्हा कॅमेरा खाली ठेव.

जुनाकॅमेरा

ताई, लिहिलंय छान, पण मला एवढं पटत नाही. माणूस, त्याची आठवण, खाली ओळ... याने प्रत्येक फोटो हळवा होतो. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार दांपत्याने खाणींच्या शाफ्टवरचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, भट्ट्या आयुष्यभर टिपल्या. १९६६ मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या मदतीने ते इथेही येऊन गेले, वेल्समध्ये बरंच काम केलं. ढगाळ सपाट उजेड, कॅमेरा समोरासमोर, फ्रेममध्ये माणूस नाही, भावना नाही. तरी ते फोटो बघताना माझ्या पोटात कालवतं. माणसाचा चेहरा दाखवला म्हणजेच माणसाबद्दल बोललं असं कुठे आहे?

पायपीट यांनी होर्डनच्या नुसत्या आकड्यांच्या गल्ल्या घ्याव्यात. फर्स्ट स्ट्रीट, सेकंड स्ट्रीट, अशा तेरापर्यंत. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एकच उंची, एकच लेन्स, एकच वेळ. ओळीने लावा. पत्रे मारलेली घरं, राहती घरं, रंगवलेली दारं, सगळं एका मापाने मोजलं जाईल, 'दैना' शोधायला गेल्याचा आरोप येणार नाही.

किनाऱ्यावरची

जुनाकॅमेरा, बेखर दांपत्य मलाही आवडतं. पण ते गेले तेव्हा मनोरे उभे होते! समोर वस्तू असेल तर तिला एकटीला बोलू द्यावं, हे मान्य. इथे वस्तू नेलेली आहे. रिकाम्या उतारावर समोरासमोर कॅमेरा लावून काय येणार, तर उतार.

गल्ल्यांची कल्पना मात्र चांगली आहे, आणि माझ्या डोक्यात आली नव्हती. फक्त पत्र्यांबद्दल थोडं माहीत करून मग काढावेत. ती घरं खाणीने बांधलेली. पुढे विकली गेली, कितीतरी लांबच्या गुंतवणूकदारांनी गावात पाय न ठेवता घेतली. भाडेकरू बदलत राहिले, काही घरं रिकामी पडली. शेजारच्या दारात मात्र पन्नास वर्षं राहणारी बाई रोज उंबरा पुसते. एका मापाने मोजलंस तर ती दोन्ही दारं सारखी दिसतील. ती सारखी नाहीत. तेव्हा गल्ल्यांची मालिका कर, पण कोणत्या दारामागे कोण आहे ते आधी कळू दे.

आणि बंद पडण्याची गोष्ट १९८४ पासून सुरू होत नाही, हेही फोटो काढणाऱ्याने लक्षात ठेवावं. १९५१ च्या डरहॅम कौंटीच्या आराखड्यात शंभराहून जास्त गावं 'ड' वर्गात टाकली होती. म्हणजे इथे नवीन घर, नवीन पैसा काही नाही, गाव आपोआप विझू द्यायचं. संपाच्या कितीतरी आधी, खाणी चालू असताना. हे धोरण १९७७ पर्यंत होतं. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात गेलास तर दोन-चार घरांची ओळ एकदम माळावर उभी दिसते, पुढेमागे काही नाही. ती बाकीची गल्ली गेलेली असते. संपाच्या वेळच्या पंतप्रधान थॅचरबाईंचा फोटो डोक्यात ठेवून फिरणाऱ्यांना हे दिसत नाही.

मिश्किलराव

बरं, कॉन्ट्रास्ट मागे घेतो. पण कृष्णधवलने काय घोडं मारलंय? तुम्ही नावं घेतलेले सगळे तर कृष्णधवलवालेच.

किनाऱ्यावरची

त्यांच्या वेळी धूर होता हो. :) शिवाय कॉन्टिनेनने पुढे याच किनाऱ्याचे फोटो काढले ते रंगीत, आणि रंग कशाला लागतो ते तिथे कळतं. डॉडनच्या ब्लास्ट बीचवर ओहोटीला जा. खाणीच्या टाकाऊ दगडाचा थर अजून कड्यासारखा उभा आहे, समुद्र तो रोज थोडा थोडा खातोय. त्यातून गंजाचा लाल, गंधकाचा पिवळा, मधूनच विटेचे गोल झालेले तुकडे, लोखंडाचे वाकडे दांडे. कृष्णधवल केलंत तर नुसते दगड.

दुसरं, खाणी बंद झाल्या तरी त्यांतलं पाणी बंद झालेलं नाही. डॉडनला आणि होर्डनला ते आजही उपसून शुद्ध करावं लागतं, नाहीतर वर येऊन पिण्याच्या पाण्यात मिसळेल. लोहाने नारिंगी झालेलं पाणी. डॉडनचं ते पाणी कोमट असतं, त्यावर नवी घरं गरम करायची योजनाही आखली गेली. पायपीट, तुला 'उरलेली खाण' हवी होती ना? ती ही. आत जायला परवानगी लागेल, रीतसर पत्र लिही. कुंपणाबाहेरूनही काही मिळतं.

पायपीट

ताई, सगळं दोनदा वाचलं. नकाशे छापून घेतले, गाव होर्डन धरलं. जुनाकॅमेरा, गल्ल्यांची सुरुवात करतोय, पण दारं वाजवून.

एक शंका राहिलीच. मी इथला नाही, इंग्लंडचाही नाही. बोली निम्मी कळत नाही. होर्डनच्या बागेत छातीला भगदाड पडलेल्या खाणकामगाराचा पोलादी पुतळा आहे, काळीजच काढून नेलेलं. त्याच्यासमोर उभा होतो तर एक आजोबा येऊन बराच वेळ बोलले. मला कळलं ते एवढंच, की त्यांचा भाऊ. पुढचं काही समजलं नाही आणि परत विचारायची हिंमत झाली नाही. परक्या माणसाने हे काम करावं का?

जुनाकॅमेरा

किलिप आइल ऑफ मॅनचा, कॉन्टिनेन फिनलंडची. १९३७ मध्ये जॅरोला सायकल हातात धरून कोळशाचं पोतं घरी नेणाऱ्या माणसाचा तो प्रसिद्ध फोटो काढणारा बिल ब्रँट हॅम्बुर्गमध्ये जन्मलेला. या भागाचे लक्षात राहिलेले कितीतरी फोटो परक्यांचेच आहेत. खुशाल करा.

किनाऱ्यावरची

जुनाकॅमेराने माझं काम केलं. मी एवढंच म्हणेन की परका असण्याचा फायदा घे. गावच्या माणसाला 'पिंजऱ्यात किती जण मावायचे' असं विचारता येत नाही, त्याला ते माहीत असायला हवं. तुला विचारता येतं, आणि म्हातारी माणसं खुशीत सांगतात. बोली कळली नाही तर 'परत सांगा' म्हण. मला सुरुवातीला रुग्ण काय दुखतंय म्हणतो तेच कळायचं नाही. वाईट कुणाला वाटलं नाही, हसायचे मात्र खूप. त्या आजोबांना शोध, पुतळ्यापाशी रोज येणारे असतात. भावाचं काय ते पुन्हा विचार. खाणीत दगावला असेल तर नाव कुठेतरी नोंदलेलं असतं. स्पेनिमूरला डरहॅम मायनिंग म्युझियम आहे, त्यांनी खाणीत गेलेल्यांच्या याद्या जमवल्यात. ईझिंग्टनच्या १९५१ च्या स्फोटातले ८३ जण त्यात आहेत, पण एकेकटे गेलेलेही आहेत, ज्यांचं कुठे स्मारक नाही.

फोटो काढलास की छापून नेऊन दे. मोबाइलवर दाखवणं वेगळं. कागदाचा फोटो माणूस चष्मा लावून बघतो, आत जाऊन बायकोला दाखवतो, आणि बाहेर येताना हातात त्याचा जुना एखादा फोटो असतो. तो तुला हवा असतो. त्यावर मागे तारीख-नाव लिहिलं नसेल तर पेन्सिलीने लिहून घे, त्याच्याच हाताने. इंटरनेटवर टाकण्यापूर्वी विचार. 'नाही' म्हणाला तर नाही. खूप चांगला फोटो असला तरी नाही.

आणि जुलैचा दुसरा शनिवार मोकळा ठेव. डरहॅम मायनर्स गाला, १८७१ पासूनचा खाणकामगारांचा मेळावा. सगळे फोटोवाले शहरात रॉयल काउंटी हॉटेलसमोर गर्दी करतात, बाल्कनी आणि बॅनर (गावोगावच्या खाणकामगारांचे कापडी फलक) असा एकच फोटो शेकडो जणांकडे असतो. तू पहाटे होर्डनला जा. बँड आणि बॅनर आधी आपल्या गावातून फिरतात, मग बस पकडून शहरात येतात. अंगणात झोपेतले लोक, हातात चहाचा मग, मुलं अर्ध्या कपड्यांत. बॅनरवर काळी फीत दिसली तर चौकशी कर. पूर्वी त्या वर्षी खाणीत कुणी गेलं असेल तर ती लावायचे. आता एकही खाण नाही, तरी गावं नवे बॅनर शिवून घेतात. याचं आश्चर्य वाटणारे मला शहरातच भेटले, गावात नाही.

पायपीट

जुलै ठरला. त्याआधी क्लबातल्या एकाने बँडच्या सरावाला ये म्हणून सांगितलंय. काही पथ्यं?

किनाऱ्यावरची

फ्लॅश नको. पहिल्यांदा नुसता ऐकायला जा, कॅमेरा पिशवीत. पुढच्या वेळी ड्रमवाल्यांच्या बाजूने उभा राहा. कॉर्नेटवाल्यांच्या आणि बँडमास्तरच्या मध्ये आलास तर हाकलून देतील, मीही देईन. सराव संपल्यावर खुर्च्या रचायला हात लाव. नंतर सगळे खाली बसतात, तिथे एक बाई बॅनर कुठे ठेवतात ते दाखवतील. नाव इथे लिहीत नाही, खासगी निरोप पाठवते.